खंडेनवमीचं रिव्हॉल्व्हर

ब्रिस्टल,
६ मार्च २००५

ज्ञानेश्वर भावोजींना श्यामलाचा नमस्कार.

तेराव्याला तुम्ही विचारलंत, "दादाच्या त्या रिव्हॉल्व्हरचं काय करणार?" घरात माणसं होती म्हणून तेव्हा बोलले नाही. आता सगळे गेले. अपूर्व आणि सूनबाई अक्षयाही क्रॉयडनला परतले. म्हणून सविस्तर लिहिते.

यांना जाऊन आठवडा होत नाही तोच पोलिसांचा फोन आला. परवाना यांच्या नावावर. माणूस गेला की परवाना संपला, आणि वस्तू घरात ठेवता येत नाही. परवान्यांचे चौकशी अधिकारी मिस्टर टॅलिस स्वतः आले. सावकाश बोलणारा, उंच माणूस. बूट काढू का म्हणून दारातच विचारलं. जिन्याखालच्या लोखंडी कपाटापाशी उभे राहून म्हणाले, "किल्ली कुठे असते, मिसेस पोटनीस?" मी म्हटलं, मला माहीत नाही. इतकी वर्षं त्या कपाटावरची धूळ पुसली, पण किल्लीचं यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वाटलं, आता हा माणूस रागावणार. तर ते खूश झाले! नियमच तसा आहे म्हणे. परवाना ज्याचा त्याच्याशिवाय किल्ली कुणाला ठाऊक असता कामा नये, बायकोलासुद्धा. एखादी गोष्ट ठाऊक नाही म्हणून शाबासकी मिळायची माझी ही पहिलीच वेळ.

किल्ली शेवटी यांच्या दाढीच्या सामानात निघाली. रिव्हॉल्व्हर आता इथल्या एका बंदूकवाल्या दुकानदाराकडे जपून ठेवलं आहे. विकायचं की कुणाच्या नावे करायचं, ते मी सांगायचं आहे.

तर मी माझ्याच नावे करणार आहे. त्यासाठी आधी यांच्या नेमबाजीच्या क्लबात काही महिने उमेदवारी करावी लागते, मग अर्ज. मंगळवारी पहिल्यांदा जाऊन आले. हसू नका. हसलात तरी हरकत नाही, इथवर ऐकू येणार नाही.

मीनलला लोणच्याची बरणी पोचली का ते कळवा.

श्यामला


कॉव्हेंट्री,
१५ मार्च २००५

ती. वहिनी, सा. न.

हसलो. मीनलने पत्र माझ्या हातातून काढून घेऊन दोनदा वाचलं. ती मात्र हसली नाही. बरणी पोचली.

तुमच्या मनात काय चाललंय ते मी समजू शकतो. दादाचा त्या वस्तूवर जीव होता. सत्त्याण्णव साली सरकारने सगळ्यांची पिस्तुलं जमा करून घेतली तेव्हा त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. मग कायद्यात बसेल असं हे लांब नळीचं निघालं. त्याने मला फोन केला, "ज्ञानू, हातभर नळी आहे आणि मुठीच्या मागे लाटण्याएवढी दांडी. कुणाला खिशात घालता येऊ नये म्हणून कायद्यानेच एवढं लांबवलंय." वर आणखी दुर्बीण. मी म्हटलं, हे रिव्हॉल्व्हर आहे की प्लंबरचं हत्यार? तर हसता हसता त्याला ठसका लागला.

पण वहिनी, आठवणच ठेवायची तर त्याचे फोटो आहेत, पुस्तकं आहेत. या वयात पुरुषांच्या घोळक्यात जाऊन कानाला डबे लावून गोळ्या झाडायच्या, हे काही पटत नाही. अपूर्वचंही तेच मत आहे.

आणखी एक. आजोबांची तलवार सरकारजमा झाली तरी आपल्या घराण्याची खंडेनवमी चुकली नाही. दादा दरवर्षी त्या दुर्बिणीवाल्या अवजाराला झेंडू वाहायचा. शस्त्राची पूजा घरातल्या कर्त्या पुरुषाने करायची, ही आपली रीत. आता तो मान माझ्याकडे आला, असं मी समजतो. तेवढं लक्षात असू द्या.

आपला,
ज्ञानेश्वर


ब्रिस्टल,
२४ जुलै २००५

भावोजी,

उत्तराला उशीर झाला कारण सांगण्यासारखं काही हाती यायची वाट पाहत होते. आता आलं आहे.

क्लब म्हणजे एक लांबोडकी विटांची खोली. एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला वाळू आणि पुठ्ठ्याची कार्डं. शिकवायला हॉब्स नावाचे गृहस्थ आहेत. यांचे जुने स्नेही, पण माझ्यासमोर यांचं नाव काढत नाहीत. क्लबाकडे यांच्यासारखंच एक दुर्बिणीचं रिव्हॉल्व्हर आहे, त्यावर शिकते. पहिल्या दिवशी दुर्बिणीतून पाहिलं आणि घाबरले. मला वाटलं होतं, दुर्बिणीने काम सोपं होत असेल. लक्ष्य जवळ येतं खरं, पण आपल्या हाताचा थरथराटही तितकाच मोठा होऊन दिसतो. मधली फुली त्या काळ्या वर्तुळावर नुसती हिंडत असते. नेमकी मध्यावर आली की मी झटकन चाप ओढायचे, आणि गोळी कार्डाबाहेर. हॉब्स म्हणाले, "फुलीच्या मागे धावू नका. ती हलणारच, माझीही हलते. हलू द्या, आणि चाप हळूहळू दाबत राहा. गोळी केव्हा सुटली ते तुमचं तुम्हाला कळलं नाही, म्हणजे बरोबर सुटली."

हे जमायला मे उजाडला. आता माझ्या सगळ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत पडतात. पुरुषांचा घोळका म्हणाल तर चार म्हातारे आहेत, एकाला ऐकू येत नाही, आणि चहा माझ्यापेक्षा चांगला करतात.

आठवणीबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर खरं ते सांगते. यांची आठवण येते म्हणून मी तिथे जात नाही. घरात चोवीस तास तीच असते. चमचा उचलला तरी येते. त्या खोलीत, दुर्बिणीला डोळा लावला की तेवढा वेळ येत नाही, म्हणून जाते. वाईट वाटलं तर वाटू द्या, पण खोटं लिहून काय करू?

श्यामला


कॉव्हेंट्री,
२ नोव्हेंबर २००५

ती. वहिनी, सा. न.

दिवाळीचा फराळ केला नाही. दादाचं वर्ष व्हायचं आहे. शेजारच्या गुजराती मंडळींनी मठिया आणून दिले, तेवढेच खाल्ले.

तुमच्या परवान्याच्या अर्जाला दोन ओळखीची माणसं लागतात असं अपूर्वकडून कळलं. मी तुम्हाला पस्तीस वर्षं ओळखतो. माझं नाव का घातलं नाहीत? आमच्यावर विश्वास नसेल तर तसं सांगावं.

ज्ञानेश्वर


ब्रिस्टल,
१९ फेब्रुवारी २००६

भावोजी,

विश्वासाचा प्रश्नच नव्हता. नातेवाइकाचं नाव चालत नाही, असा नियमच आहे. शेजारच्या मिसेस गॉफ आणि यांच्या ऑफिसातले मिस्टर नॉरिस, अशी दोन नावं दिली. नियम मी केलेला नाही. तुमचा रुसवा इतके महिने टिकला म्हणून आज खुलासा करते.

परवाना आला. माझ्या नावाचा, माझ्या फोटोसकट. फोटोत मी चोरासारखी दिसते.

त्याआधी मिस्टर टॅलिस पुन्हा घरी आले होते. कपाट हलवून पाहिलं, भिंतीतले बोल्ट पाहिले. झोप कशी लागते, एकटं वाटतं का, असं सगळं विचारलं. मग म्हणाले, "किल्ली आणखी कुणाला माहीत असेल?" मी म्हटलं, कुणालाही नाही. "मुलाला?" नाही. "दुसरं कोणी नातेवाईक?" नाही. त्यांनी ते लिहून घेतलं आणि चहा प्यायले.

ते गेल्यावर मी चहाचे कप विसळत विचार करत होते. भावोजी, माझ्या माहेरी कपाटांच्या किल्ल्या वडिलांकडे असत. सासरी तुमच्या आईंच्या कमरेला. इथे आल्यावर बँकेचं खातं दोघांच्या नावे, घर दोघांच्या नावे. माझ्याशिवाय कुणाच्या हाती द्यायची नाही अशी एकही वस्तू मला आठवेना. आता आहे. मला फार आनंद झाला. तो कुणाला तरी सांगावासा वाटला, म्हणून तुम्हाला लिहिते.

अपूर्व फोनवर म्हणाला, "आई, तू तो रिव्हॉल्व्हर सेल करून टाक ना, अँड मूव्ह टू क्रॉयडन. आमच्याकडे स्पेअर रूम आहे, ट्रामचा स्टॉप पण जवळ आहे." मी म्हटलं, तुमच्याकडे भिंती पुठ्ठ्याच्या, कपाट कुठे ठोकणार?

श्यामला


कॉव्हेंट्री,
१८ सप्टेंबर २००६

ती. वहिनी, सा. न.

अभिनंदन मागे फोनवर केलंच होतं, आता लेखी करतो. क्लबाच्या स्पर्धेत दुसऱ्या आलात हे मीनलने इथल्या मंडळात सगळ्यांना सांगितलं आहे.

यंदा खंडेनवमी रविवारी आली आहे. आम्ही दोघं सकाळच्या गाडीने येतो. दादाचं वर्षही झालं, तेव्हा पूजा सुरू करायला हरकत नाही. तुम्ही काही करू नका, फक्त झेंडू आणून ठेवा. पूजेला मी बसेन. तुम्ही आता बसू नये असं काही मी म्हणत नाही, काळ बदलला आहे, पण रीत ती रीत. मी नवा कॅमेरा घेतला आहे, फिल्म लागत नाही.

ज्ञानेश्वर


ब्रिस्टल,
८ ऑक्टोबर २००६

भावोजी,

घरी नीट पोचलात ना? मीनलने आणलेली शेव अजून पुरते आहे.

कालची सगळी दुपार रिव्हॉल्व्हर साफ करण्यात गेली. तुम्ही भक्तिभावाने वाहिलेल्या अक्षता गोळ्यांच्या चक्रात शिरल्या होत्या. सहाही भोकांतून तांदूळ निघाले. दुर्बिणीच्या भिंगाला कुंकवाचं बोट लागलं होतं. तिथे नुसत्या फडक्याने पुसलं तर ओरखडे पडतात, म्हणून फुंकर मारत मारत कुंचल्याने काढलं. अजून कडेला लाली दिसते.

एक गोष्ट मनातून जात नाही. मी पुऱ्या तळत होते, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन हात पुढे केलात आणि म्हणालात, "द्या किल्ली, मुहूर्त टळतोय." मी गळ्यातली काढली आणि दिली. कढईवरची नजरसुद्धा हलवली नाही. तुम्ही मागितली आणि मी दिली, इतकं सोपं होतं ते. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते माझ्या ध्यानात आलं.

तुम्हाला दोष देत नाही. पुन्हा असं होणार नाही, एवढंच लिहून ठेवते.

श्यामला


कॉव्हेंट्री,
२९ ऑक्टोबर २००६

ती. वहिनी, सा. न.

किल्लीचं तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत. मी काय परका आहे? दादा वरून बघत असेल तर त्याला समाधानच वाटलं असेल.

सोबत आमच्या मंडळाचा दिवाळी अंक पाठवतो आहे. मधलं पान उघडा. फोटो मीनलने काढला, पण मजकूर माझा. सगळ्यांनी फार कौतुक केलं. दोघातिघांनी विचारलं की हे अवजार खरं आहे का. मी म्हटलं, खरं म्हणजे काय, एकदम खरं.

ज्ञानेश्वर


ब्रिस्टल,
५ नोव्हेंबर २००६

भावोजी,

अंक मिळाला. फोटो चांगला आला आहे. कपाळाला कुंकू, अंगात रेशमी झब्बा, आणि रिव्हॉल्व्हर खांद्यावर गदेसारखं. मागे जिना दिसतो आणि उघडं कपाटही दिसतं. खाली छापलं आहे, "पोटनीस कुलाची शस्त्रपूजा, सातासमुद्रापार. ब्रिस्टल येथील निवासस्थानी श्री. ज्ञानेश्वर पोटनीस." त्यात माझं नाव नाही, हे आपलं सहज सांगते.

मी हा अंक घेऊन बुधवारी मिस्टर टॅलिसना भेटणार आहे. त्यांच्यापर्यंत तो दुसऱ्या कुणाकडून जाईल ही भीती नाही. मराठी मंडळाचा अंक ते कशाला वाचतील? पण मी त्यांना "कुणालाही नाही" असं सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. ते आता खरं राहिलेलं नाही. परवाना काढून घेतील असं हॉब्स म्हणतात. बहुतेक घेतीलच.

तुमचं नाव मला सांगावं लागेल. परवाना नसताना हातात घेणं हा तुमचाही गुन्हा ठरू शकतो, असं हॉब्स म्हणाले. म्हणून आधी तुम्हाला कळवते.

श्यामला


कॉव्हेंट्री,
७ नोव्हेंबर २००६

वहिनी,

फोन उचलत नाही आहात म्हणून पत्र टाकतो आहे. बुधवारच्या आत मिळावं.

हे काय चालवलं आहे? मी या देशात अडतीस वर्षं राहिलो. साधा पार्किंगचा दंड नाही. आणि आता निवृत्त झाल्यावर पोलीस स्टेशनची पायरी? कशासाठी, तर देवाधर्माचं केलं म्हणून?

तुम्ही एवढंच सांगा की कपाट तुम्ही उघडलंत आणि फोटोपुरतं माझ्या हातात दिलंत, तुम्ही शेजारीच उभ्या होतात. त्यात कुणाचं काय बिघडतं? तुमचा परवाना राहील, माझी अब्रू राहील. नाहीतर सांगूच नका. कोण विचारायला येतंय?

दादा असता तर त्याने सख्ख्या भावाला असं पुढे केलं नसतं.

ज्ञानेश्वर


कॉव्हेंट्री,
१४ जानेवारी २००७

प्रिय वहिनी,

हे मी यांच्या नकळत लिहिते आहे. तुमच्या संक्रांतीच्या पत्राला ते उत्तर देणार नाहीत, म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

पोलिसांनी बोलावलं तेव्हा हे सूट घालून, टाय बांधून गेले. मी बाहेर बसले होते. एका तरुण मुलीने सगळं विचारून घेतलं आणि समज देऊन सोडलं. पुढे काही होणार नाही म्हणाली. यांना चहासुद्धा दिला. बाहेर आल्यावर हे बसस्टॉपपर्यंत चालत गेले. मग म्हणाले, "मी दरवाजातून वहिनीला किल्ली मागितली का, हे त्या पोरीने मला तीनदा विचारलं. तीनदा हो म्हणावं लागलं."

पोलिसांचं त्यांना एवढं काही वाटत नाही. आपल्या घरच्या बाईने आपलं नाव घेतलं, ते मनात सलतंय. खरं तर मला तुमचा राग यायला हवा होता. तो येत नाही. मंडळात बायका विचारतात, तेव्हा मी सांगते, माझ्या जाऊबाईंनी खरं तेच सांगितलं.

पोलिसांनी नेलेलं तुमचं रिव्हॉल्व्हर परत मिळालं का?

तुमची,
मीनल


ब्रिस्टल,
२२ एप्रिल २००७

भावोजी,

तुम्ही वाचाल की नाही ठाऊक नाही, पण लिहिते. मीनल वाचेल.

निकाल लागला. लेखी ताकीद मिळाली, परवाना राहिला. पुन्हा असं झालं तर जन्मभर मिळणार नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. नोव्हेंबरपासून रिव्हॉल्व्हर पोलिसांच्या ताब्यात होतं, गेल्या आठवड्यात परत आणलं. हिवाळाभर मी क्लबात नुसती बसून दुसऱ्यांचा खेळ पाहिला आणि चहाचे कप धुतले. फार कठीण गेलं. हातातलं गेलं असंच धरून चालले होते. एकदा बसमध्ये रडले.

मिस्टर टॅलिस कपाट पाहायला पुन्हा आले होते. जाताना त्यांनी विचारलं, "दिराने मागितली तेव्हा 'नाही' का म्हटलं नाहीत?" मी म्हटलं, आमच्याकडे मागणाऱ्याला परवानगी विचारण्याची सवय नसते आणि देणारीला थांबण्याची. ते म्हणाले, इंग्लंडातही पुष्कळ घरांत तसंच असतं, म्हणूनच नियम केलाय.

तुमचं नाव घेताना मला आनंद झाला नाही. तुमची झोप उडाली, अब्रूला धक्का बसला, त्याचं वाईट वाटतं आणि वाटत राहील. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घेईन. यात दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुम्ही म्हणालात, दादा असता तर भावाला पुढे केलं नसतं. बरोबर आहे. पण तुमचे दादा असते तर त्यांनी भावाला किल्लीही दिली नसती. त्यांना नाही म्हणता येत होतं. मला ते नव्याने शिकावं लागतंय, आणि सुरुवात तुमच्यापासून झाली हे तुमचं नशीब.

परवाचं कार्ड सोबत पाठवते. दहाही गोळ्या काळ्या वर्तुळात आहेत.

श्यामला


कॉव्हेंट्री,
२३ सप्टेंबर २००७

ती. वहिनी, सा. न.

बऱ्याच दिवसांत पत्र नाही. चूक माझीच. तुमचं कार्ड मीनलने फ्रिजवर लावलं आहे. येणारे-जाणारे विचारतात, मी सांगतो, आमच्या वहिनींचं. त्यातली एक गोळी अगदी मधोमध आहे, ती मी भिंग लावून पाहिली.

मागचं मागे टाकू. माझा ताठा तुम्हाला ठाऊक आहेच. मीनल म्हणते, निम्मा उतरला. उरलेल्यासकट सांभाळून घ्या.

यंदा खंडेनवमी शनिवारी आहे. बोलावलंत तर येऊ. या वेळी सगळं नियमाने. मी चौकशी केली आहे. कपाट तुम्ही उघडायचं, रिव्हॉल्व्हर तुम्ही बाहेर काढायचं, चौरंगावर तुम्ही ठेवायचं, आणि सगळा वेळ तुम्ही शेजारी उभं राहायचं. मी त्याला बोट लावणार नाही. नुसती लांबून फुलं वाहीन, अक्षताही नाहीत. म्हणजे कायदाही राहिला आणि घराण्याची पूजा घरातल्या पुरुषाच्या हातून झाली, तेही राहिलं. तुम्हाला कसं वाटतं ते कळवा. गाडीची तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडतात.

आपला,
ज्ञानेश्वर


ब्रिस्टल,
३० सप्टेंबर २००७

भावोजी,

तिकिटं काढा. जरूर या. अपूर्व आणि अक्षयाही येणार आहेत, आणि जेवायला हॉब्स आहेत. त्यांना श्रीखंड खायचं आहे.

तुम्ही चौकशी केलीत आणि एवढा विचार केलात, याने मला खरंच बरं वाटलं. कायद्याने तुम्ही म्हणता तसं चालेलही. मी टॅलिसना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही, कारण आता हा प्रश्न त्यांचा नाही.

साडेबारापर्यंत पोचा. पूजा मी सकाळीच केलेली असेल.

श्यामला